गोखरू : एक नाव, दोन वनस्पती आणि चिनी औषधीपरंपरा
(जालना जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

जालना जिल्ह्याच्या शिवारात पावसाळा सरता सरता दोन काटेरी तणे हमखास दृष्टीस पडतात. पहिले जमिनीसरपट पसरणारे, हरभऱ्याच्या पानांची आठवण करून देणाऱ्या बारीक संयुक्त पानांचे आणि पाच पाकळ्यांच्या पिवळ्या फुलांचे. त्याचे फळ वाळले की पाच तुकडे होतात व प्रत्येक तुकड्यावर दोन दणकट काटे असतात. हा सराटा. अनवाणी चालणाऱ्याला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. दुसरे कमरेएवढे उंच वाढणारे, रुंद खरखरीत पानांचे, बांधावर, ओढ्याकाठी व नदीच्या गाळात माजणारे. त्याची आकडेदार बोंडे धोतराला, लुगड्याला आणि मेंढ्यांच्या लोकरीला चिकटून गावभर फिरतात. यास कोठे शंकेश्वर, कोठे लांडगा, परंतु शेतकऱ्यांच्या बोलण्यात व कृषी विस्ताराच्या मराठी पत्रकांत बहुधा गोखरू असेच म्हटले जाते. अडचण अशी की, वैद्याच्या व काष्ठौषधीच्या दुकानदाराच्या भाषेत गोखरू म्हणजे सराटा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने सराटा हा ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस, तर शेतकऱ्याचा गोखरू हा झँथियम स्ट्रुमारियम. दोहोंची कुळेही भिन्न आहेत. दुसरा सूर्यफुलाच्या कुळातील असून विषारी आहे.

विशेष म्हणजे या दोन्ही वनस्पती चिनी औषधीपरंपरेत सुमारे दोन हजार वर्षांपासून नोंदविलेल्या आहेत. तेथे पहिलीला ‘जी-ली’ व दुसरीला ‘त्सांग-अर’ म्हणतात. अलीकडे आरोग्यवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या व गोळ्यांमध्ये सराट्याला मोठी मागणी आली असून त्यासोबत ‘प्राचीन चिनी औषध’ ही जाहिरातही आली आहे. अशा वेळी या दोन तणांचा इतिहास एकत्र तपासणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखात चिनी व भारतीय ग्रंथपरंपरा, नामसाम्यातून उद्भवणारे धोके आणि आधुनिक संशोधनाचा कौल यांचा विचार केला आहे.

भारतीय परंपरेतील गोक्षुर

गोक्षुर म्हणजे गाईचा खूर. त्रिकंटक, श्वदंष्ट्रा ही त्याची अन्य संस्कृत नावेही फळाच्या आकारावरूनच पडली आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात त्या त्या कार्यात श्रेष्ठ असणाऱ्या द्रव्यांची यादी आहे. तीत मूत्रकृच्छ्र आणि वात यांचे हरण करणाऱ्या द्रव्यांत गोक्षुराला अग्रस्थान दिलेले आहे. लघुपंचमुळातील एक घटक म्हणून तो दशमुळात येतो, आणि शार्ङ्गधरसंहितेतील गोक्षुरादि गुग्गुळ आजही मूत्रविकारांत दिला जातो. महाराष्ट्रातील घरगुती व्यवहारात बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत गोखरूची पूड घालण्याची रीत सर्वपरिचित आहे. मराठीतून वनौषधींची माहिती सामान्य वाचकांपर्यंत नेण्याचे मोठे कार्य शंकर दाजीशास्त्री पदे (१८६७–१९०९) यांनी ‘वनौषधि गुणादर्श’ या ग्रंथाद्वारे केले. १९०७ मध्ये आयुर्वेद महामंडळाची स्थापना करणारे हेच पदेशास्त्री. त्यांच्या पिढीपुढील एक मुख्य प्रश्न ‘संस्कृत नाव एक, बाजारातील वस्तू दुसरी’ हाच होता.

गोखरूच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा आहे. बाजारात ‘मोठे गोखरू’ म्हणून जे मिळते ते पेडॅलियम म्युरेक्स या तिळाच्या कुळातील वनस्पतीचे फळ होय. ही वनस्पती पाण्यात घुसळली असता पाणी बुळबुळीत होते, या साध्या कसोटीवर ती ओळखता येते. म्हणजे एका नावाखाली दोन नव्हे, तीन वनस्पती उभ्या आहेत! पैकी दोन औषधी आहेत व तिसरी, म्हणजे शेतकऱ्याचा गोखरू, वैद्याच्या गोखरूऐवजी चुकूनही देण्याजोगी नाही.

चिनी ग्रंथांतील जी-ली

चिनी औषधीशास्त्राचा आद्य ग्रंथ मानला जाणारा ‘शन-नुंग पन-त्साओ-चिंग’ हा हान काळात संकलित झाला. त्यात ३६५ द्रव्यांची तीन वर्गांत विभागणी केलेली असून जी-ली उत्तम वर्गात, तर त्सांग-अरचे फळ मध्यम वर्गात येते. याही पूर्वीच्या वाङ्मयात जी-लीचा उल्लेख आहे. ‘यी-चिंग’ या शकुनग्रंथात काटेरी जी-लीवर टेकण्याची वेळ येणे ही संकटाची खूण म्हणून आलेली आहे. काट्याची ही प्रतिमा युद्धशास्त्रातही शिरली. शत्रूच्या घोड्यांच्या वाटेत पसरावयाच्या लोखंडी काट्यांना चिनी भाषेत ‘लोखंडी जी-ली’ म्हणतात. रोमनांनी अशाच काट्यांसाठी वापरलेला ‘ट्रिब्युलस’ हा शब्द पुढे लिनियसने १७५३ मध्ये वनस्पतीचे नाव म्हणून कायम केला. उत्तर हिंदुस्थानातही या शस्त्राला गोखरूच म्हणत. तीन संस्कृतींनी एकाच फळाकडे पाहून एकच कल्पना करावी, हा योगायोग नसून त्या फळाच्या रचनेचा परिणाम आहे. ते कसेही पडले तरी एक काटा वर राहतोच.

औषधी उपयोगाबाबत मात्र दोन देशांचे मार्ग वेगळे झाले. भारतीय वैद्यांनी सराट्याचा विचार प्रामुख्याने मूत्रमार्ग, वात व बल यांच्या संदर्भात केला. चिनी वैद्य त्याचा उपयोग यकृताचा क्षोभ शमविण्यासाठी, डोकेदुखी व चक्कर यांवर, डोळ्यांच्या लालीवर आणि त्वचेच्या खाजेवर करीत आले. एकाच वनस्पतीचे दोन प्रदीर्घ अनुभव एकमेकांना पुष्टी देत नाहीत, ही बाब ‘हजारो वर्षांचा अनुभव’ हा युक्तिवाद करणाऱ्यांनी लक्षात घेणे आवश्यक आहे.

येथे चोपचिनीचे उदाहरण तुलनेसाठी उपयुक्त आहे. चोपचिनी ही खरोखर चीनमधून आलेली मुळी. फिरंगरोगावरील उपाय म्हणून ती सोळाव्या शतकात गोव्याच्या बाजारात पोहोचली. गार्सिया द ऑर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या संवादात्मक ग्रंथात तिच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि ‘भावप्रकाश’कारांनीही तिला स्थान दिले. चोपचिनीबरोबर तिचा उपयोगही प्रवास करून आला. सराट्याचे तसे झाले नाही. तो दोन्ही देशांत दाराशीच उगवत होता आणि प्रत्येकाने त्याला आपल्या रोगकल्पनेनुसार कामाला लावले. म्हणून सराट्याला ‘चिनी औषध’ म्हणणे जितके खरे, तितकेच ‘जालन्याचे औषध’ म्हणणेही खरे ठरते.

नामभ्रमाचा प्रश्न चीनलाही चुकला नाही. सुंग काळातील खौ त्सुंग-शी या लेखकाने १११६ च्या सुमारास जी-लीचे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे केले : एक काटेरी, रस्त्याकडेला वाढणारा, दुसरा शा-युआन भागातील, मूत्रपिंडाच्या आकाराच्या बियांचा. हा दुसरा प्रकार वस्तुतः शेंगावर्गातील अगदी निराळी वनस्पती आहे. दोघांचे उपयोगही वेगळे. काटेरी प्रकार ‘वारा’ घालविण्यासाठी, तर शा-युआनचा प्रकार मूत्रपिंडाच्या बलवृद्धीसाठी. आजच्या पौरुषवर्धक जाहिरातींत चिनी जी-लीचे जे गुण सांगितले जातात, त्यांत या दुसऱ्या वनस्पतीच्या गुणांची सरमिसळ झालेली दिसते.

मेंढीने आणलेले औषध

त्सांग-अरचा, म्हणजे आपल्या शिवारातील दुसऱ्या गोखरूचा, चिनी इतिहास अधिक रोचक आहे. तिसऱ्या शतकातील च्यांग ह्वा याच्या ‘पो-वू-चर’ या ग्रंथात अशी कथा आहे की, मेंढ्यांचे कळप हाकत आणले गेले तेव्हा त्यांच्या लोकरीला चिकटून हे बी नव्या प्रदेशात पोहोचले. त्यावरून या वनस्पतीस ‘यांग-फू-लाय’, म्हणजे ‘मेंढीने वाहून आणलेले’, असे नाव पडले. जालना जिल्ह्यातील कोणत्याही धनगराला ही कथा समजावून सांगण्याची गरज पडू नये. लोकर कातरताना या बोंडांचा जो उपद्रव होतो तो त्यास ठाऊक असतो. या वनस्पतीचे मूळ स्थान कोणते, याविषयी वनस्पतिशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तिच्या प्रसाराच्या रीतीविषयी मात्र ही जुनी चिनी नोंद अचूक आहे.

चिनी वैद्यकात त्सांग-अरचे फळ नाक चोंदणे, पीनस व त्यामुळे होणारी डोकेदुखी यांवर दिले जाते. परंतु आजच्या अधिकृत चिनी औषधसंहितेत ते ‘विषारी’ या शेऱ्यासह नोंदविलेले असून भाजून, काटे काढून आणि मर्यादित मात्रेतच वापरण्याचा दंडक आहे. विषाचे कारण कार्बोक्सिॲट्रॅक्टिलोसाइड हे द्रव्य होय. पेशीतील ऊर्जानिर्मितीच्या प्रक्रियेत ते अडथळा आणते व यकृतावर आघात करते. बिया आणि नुकत्याच उगवलेल्या रोपाची पहिली दोन दळे यांत त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. खरी पाने फुटू लागली की ते झपाट्याने घटते. म्हणजे रोप जितके कोवळे व भाजीसाठी मोहक, तितके ते घातक.

दुष्काळ आणि रानभाजी

मिंग राजघराण्यातील चू सू याने १४०६ मध्ये ‘च्यू-ह्वांग पन-त्साओ’ हा ग्रंथ सिद्ध केला. दुष्काळात खाण्याजोग्या ४१४ वनस्पतींची त्यात सचित्र माहिती आहे. जी-ली आणि त्सांग-अर या दोहोंचाही त्यात समावेश आहे. त्सांग-अरची कोवळी पाने उकडून, पाण्यात भिजवून, धुऊन मगच खावीत, तसेच बिया भाजून, टरफल काढून त्यांचे पीठ करावे, असे तो सांगतो. या कृतीतील प्रत्येक पायरीला अर्थ आहे. कारण हे विष पाण्यात विरघळणारे आहे. तथापि या कृतीने ते पूर्णपणे जाते असे मानणे धोक्याचे होईल.

याचे विदारक प्रत्यंतर बांगलादेशात आले. नोव्हेंबर २००७ मध्ये सिल्हेट जिल्ह्यात पुरानंतरच्या अन्नटंचाईत ‘घागरा शाक’ या नावाने याच वनस्पतीची कोवळी रोपे लोकांनी भाजी म्हणून खाल्ली. तपासणीत ७६ जण आजारी पडल्याचे व त्यांपैकी १९ जण दगावल्याचे आढळले. ही घटना दूरची म्हणून सोडून देता येत नाही. १९७२ चा आणि २०१२-१३ चा दुष्काळ अनुभवलेल्या जालना जिल्ह्यात रानभाजी ही अभावाच्या काळातील आधारवस्तू राहिलेली आहे, आणि आता ‘रानभाज्या आरोग्यदायी’ हा प्रचार शहरांतही जोमात आहे. कुणी ‘गोखरूची भाजी गुणकारी’ असे वाचले, तर तो शिवारात जाऊन कोणता गोखरू खुडेल? ज्या वनस्पतीला गाव गोखरू म्हणतो, तोच.

आधुनिक संशोधनाचा कौल

सराट्याच्या आजच्या जागतिक प्रसिद्धीचे मूळ ना चरकात आहे, ना चिनी ग्रंथांत. १९८० च्या दशकाच्या आरंभी बल्गेरियात सराट्याच्या अर्कापासून ‘ट्रायबेस्टन’ हे औषध तयार करण्यात आले आणि तेथून पुढे बलवर्धक म्हणून त्याचा खेळाडूंत प्रसार झाला. त्यामुळे पुरुषी संप्रेरक वाढते, असा दावा करण्यात आला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात २२ रग्बी खेळाडूंना पाच आठवडे हा अर्क अथवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. ताकद व स्नायूंचे वजन यांबाबत दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. लैंगिक तक्रारींच्या बाबतीत काही चाचण्यांत लाभ दिसला आहे. मात्र तेथेही संप्रेरकवाढीचा दावा टिकत नाही. मूतखड्यासंबंधीचे बरेचसे काम प्रयोगशाळेतील व उंदरांवरील आहे. चरकाने ज्या कार्यासाठी गोक्षुराला अग्रस्थान दिले, त्याच कार्यासाठी मोठ्या व काटेकोर मानवी चाचण्या कमी व्हाव्यात आणि ज्याविषयी ग्रंथ इतके ठाम नाहीत त्या पौरुषवर्धनावर बाजार उभा राहावा, हा विरोधाभास खेदजनक आहे.

सराटाही सर्वस्वी निर्धोक नाही. मूतखड्यासाठी त्याचा काढा घेणाऱ्या इराणमधील एका तरुणाच्या मूत्रपिंडास, यकृतास व मज्जासंस्थेस गंभीर इजा झाल्याची नोंद २०१० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. दक्षिण आफ्रिकेतील मेंढपाळांना तर सराटा ‘गीलडिक्कॉप’, म्हणजे पिवळे सुजलेले डोके, या मेंढ्यांच्या रोगामुळे ठाऊक आहे. त्यात यकृत बिघडून ऊन सोसेनासे होते. अल्प मात्रेत लाडवात पडणारी पूड आणि रोज घेतला जाणारा तीव्र अर्क यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

जालना जिल्ह्याच्या दृष्टीने

१ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील भाग जोडून अस्तित्वात आलेला हा जिल्हा बियाणे व मोसंबी यांसाठी ओळखला जातो. औषधी वनस्पतींसाठी नव्हे. तरीही सराटा येथे न पेरता येतो. तो गोळा करून विकणे हे हंगामी उत्पन्नाचे साधन होऊ शकते, अशी सूचना वारंवार केली जाते. ती त्याज्य नाही. परंतु गोळा करणाऱ्याच्या तोंडी असलेले नाव आणि खरेदीदाराच्या पावतीवरील नाव यांत जोवर एकवाक्यता नाही, तोवर अशा व्यवहारात भेसळ हेतूविनाही घडू शकते. डॉ. वि. ना. नाईक यांच्या १९९८ मधील ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ या ग्रंथाने विभागातील वनस्पतींची शास्त्रीय ओळख उपलब्ध करून दिली आहे, पण तो इंग्रजीत आहे आणि शिवारातल्या माणसाच्या हाती पडणारा नाही. महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र व इतिहास विभागांनी मिळून अंबड, भोकरदन, मंठा, परतूर अशा तालुक्यांतील प्रचलित नावे नमुन्यांसह नोंदविली, तर खौ त्सुंग-शीने १११६ मध्ये जे आपल्या देशासाठी केले ते येथे एका जिल्ह्यापुरते होऊ शकेल. नमुन्याच्या कागदावर तीन रकाने पुरेत : शास्त्रीय नाव, वैद्याचे नाव आणि खुरपणाऱ्या बाईच्या तोंडचे नाव.