हत्तीच्या पेटीत एक मत

मोबाइल घरी ठेवा आणि खिशात एक कांदा टाका. हसू नका. आपण चाललोय भंडाऱ्याला, १९५४ च्या उन्हाळ्यातल्या पोटनिवडणुकीला. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा नसेल तर तिथली म्हातारी माणसं तुम्हाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नाहीत. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळा, कान झाका आणि वयाची एकवीस वर्षं पूर्ण झालीत ना, तेवढं सांगा. इथे मत द्यायला एकवीस लागतात. कमी असतील तर नुसती सभा ऐका आणि परत या.

उतरलात? आता श्वास घ्या. नाकात शिरून बसलेला हा गोड-आंबूस वास मोहाचा. अंगणात वाळत घातलेली फुलं उन्हानं आकसून मनुकांसारखी झालीत. पलीकडे ओसरीवर बायका विड्या वळतायत. बोटं सुपातल्या तेंदूपानांवर, तोंड शेजारणीशी, आणि तंबाखूची धूळ सगळ्यांच्या नाकात. तुम्हाला पहिली शिंक इथेच येईल. पुढे धानाच्या बांध्या भाजून भेगाळल्यात, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, तळाला नुसता चिखल उरलाय आणि त्यात म्हशी डोळे मिटून बसल्यात. त्यांचा हेवा वाटून घेऊ नका, वेळ नाही.

सभेला जायचंय. मोटारीची वाट बघू नका, बैलगाडीत तणसावर जागा करून घ्या. तणीस टोचेल, खड्ड्यागणिक दात दातांवर आपटतील. एक गंमत लक्षात आली का? काँग्रेसचं निवडणूक चिन्ह आहे जुंपलेली बैलजोडी. तुमच्या गाडीतली सगळी मंडळी मात्र हत्तीवाली, म्हणजे दलितांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन या पक्षाची. हत्ती काही कुणाच्या गोठ्यात नसतो, म्हणून विरोधकांच्या चिन्हामागे बसूनच सगळे आपल्या सभेला निघालेत. गाडीवानाला हे सांगून बघा. तो बैलाची शेपटी पिरगाळून म्हणेल, "बैल आमचे हायेत जी, काँग्रेसचे नाही."

वाटेत घसा कोरडा पडेल. विहीर दिसली म्हणून धावाल आणि पोहऱ्याला हात लावायच्या आत प्रश्न येईल, "कोन जी तुमी?" तुमचं नाव सांगून भागणार नाही, जात हवी असते. पण कुणाच्या गाडीतून उतरलात हे त्यांनी आधीच पाहिलंय, तेव्हा उत्तर द्यायचीही गरज नाही. वाका, ओंजळ धरा. पाणी वरून पडेल, निम्मं कोपरावरून ओघळून मातीत जाईल. अस्पृश्यता नष्ट झाल्याचं घटनेत लिहून चार वर्षं उलटलीत, आणि त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष या पोटनिवडणुकीत उभे आहेत. कोपर पुसा. गाडी निघाली.

मैदान आलं. बांबूंवर निळे झेंडे, झाडाच्या फांदीला बांधलेला कर्णा, त्यातून मधूनमधून कानाचे पडदे फाडणारी शिट्टी. घाम, खोबरेल, विडीचा धूर आणि तान्ह्या पोरांचं रडणं, सगळं एकदमच अंगावर येतं. समता सैनिक दलाची पोरं काठ्या आडव्या धरून वाट मोकळी ठेवतायत. मुद्दाम बघा, बायका किती आहेत! मजुरी बुडवून, पोरं काखोटीला मारून आल्यात. ढोलकी वाजते, जलशाची मंडळी उभी राहतात आणि बसलेली गर्दी तालावर हलायला लागते. "जय भीम" म्हणत शेजारचा तुमच्यासाठी वीतभर सरकतो. तेवढ्यात एक चादर फिरत येते. पक्षाचे लोकसभेत निवडून आलेले खासदार दोन, आणि तिजोरी म्हणजे ही चादर. तिच्यात आणे पडतायत, दोन आणे पडतायत. तुमची आजची पाचशेची नोट टाकू नका, उगाच चौकशी होईल.

मुख्य पाहुणे यायला अवकाश आहे. तोवर शाळा शिकलेल्या त्या पोराजवळ सरका. त्याच्या हातात घामानं मऊ पडलेला कागद आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी १९५१ साली फेडरेशननं जो जाहीरनामा काढला, त्यातलं तो मोठ्यानं वाचून दाखवतोय आणि भोवती दहा-बारा डोकी जमलीत. सगळ्यांना समान संधी, ऐकून माना डोलतात. शेती यंत्रांनी आणि मोठ्या क्षेत्रावर करावी, यावर एक म्हातारा स्वतःच्या तीन बांध्या आठवून खो खो हसतो. संततिनियमनाचा प्रचार करावा, हे ऐकताच बायका पदर तोंडाला लावतात, पण उठून कुणी जात नाही. भाषावार प्रांत व्हावेत, हे भंडाऱ्याला पटतं. जिल्हा मराठी आणि राज्य मध्य प्रदेश. विमा सरकारनं ताब्यात घ्यावा, म्हणजे काय ते कुणालाच कळत नाही. मिठावरचा कर परत आणावा! इथे शांतता पसरते. दांडीयात्रेला उणीपुरी पंचवीस वर्षंही झालेली नाहीत, आणि मतं मागताना कर लावतो म्हणायचं? पुढचं कलम दारूबंदी उठवण्याचं. बंदीनं सरकारचा पैसा बुडतो आणि चोरटी दारू घरोघर गळते, असं पक्षाचं म्हणणं. मोहाचा वास अजून नाकात आहे ना? मग हे कलम तुम्हाला इथे कुणी समजावून सांगायला नको.

एकदम सगळे उभे राहतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आलेत. वय ६३, पण मधुमेह आणि दुखणारे गुडघे यांनी थकवलेलं शरीर. काठी लागते, कुणाचा तरी हात लागतो. टाचा उंचावून बघाल तर पुढच्याच्या फेट्याआड सगळं झाकलं जाईल. म्हणून मागच्या लहान पोरांसारखे झाडावर चढा. ते बोलू लागतात आणि ढोलकीवर हलणारी गर्दी हलायची थांबते. नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर टीका होते, सरकारच्या कारभारावर होते. परराष्ट्र धोरण म्हणजे काय हे पुढे बसलेल्या म्हातारीला ठाऊक नसेल, पण ती कानामागे हात धरून शेवटपर्यंत ऐकते. आपल्याला सोपं करून, गोड बोलून गुंडाळत नाहीत, एवढं तिला नक्की कळतंय.

आता मतदान. शाळेच्या खोलीत शिरा. बोटाला शाई लागेल आणि हातात दोन मतपत्रिका येतील, कारण हा दोन जागांचा मतदारसंघ आहे, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मतपत्रिकेवर कुणाचं नाव नाही, शिक्काही मारायचा नाही. पडद्याआड जा. तिथे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पोलादी पेटी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. एक कागद हत्तीच्या पेटीत टाका. दुसरा त्याच पेटीत टाकायचा नाही, तो बाद होईल. मग टाकायचा कुठे? फेडरेशनची युती प्रजा समाजवादी पक्षाच्या अशोक मेहतांशी आहे, पण बाहेर कुजबुज चालू होती: आपण त्यांना मत द्यायचं, त्यांचे मतदार आपल्या माणसाला देतील कशावरून? त्यापेक्षा दुसरं मत जाळून टाकू. बाबासाहेबांनी ही सूचना साफ धुडकावली, असं कार्यकर्ते पुढे वर्षानुवर्षं सांगत आले. घटना लिहिणाऱ्यानं मत वाया घालवा म्हणून कसं सांगायचं? तेव्हा दुसरा कागद मेहतांच्या पेटीत टाका आणि बाहेर या.

निकालासाठी थांबू नका, मीच सांगतो. अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले आणि बाबासाहेब आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी पडले. मिठावरचा कर परत आला नाही. पण १९५६ साली आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, त्याच वर्षी भंडारा मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि संततिनियमन तर या निवडणुकीआधीच सरकारी कार्यक्रम झालं होतं. पडलेल्या उमेदवाराच्या कागदातलं बरंच काही जिंकलेल्यांनी अमलात आणलं.

घरी आलात की कांदा टाकून द्या. आणि तुमच्या भागात पुढची पोटनिवडणूक लागेल तेव्हा एखाद्या छोट्या पक्षाचा कार्यकर्ता दारात येऊन कागद देईल. त्याला आधी पाणी विचारा. मत कुणालाही द्या, पण तो कागद रद्दीत टाकण्यापूर्वी शेवटच्या कलमापर्यंत वाचा.