लॉजिंग आणि बोर्डिंग : मुंबईत हॉटेल निवडताना आधी स्वयंपाकघर बघा

नाहूरहून बोलतोय. भांडुप आणि मुलुंडच्या मध्ये जे स्टेशन येतं आणि जिथे फास्ट लोकल थांबत नाही, ते नाहूर. आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावरून सुचला. त्याने विचारलंय, "आई-बाबांना घेऊन नागपूरहून तीन दिवस मुंबईत येतोय. असं हॉटेल सांग, की आतलं जेवण मस्त असेल आणि खाली उतरल्यावर आजूबाजूलाही खायची चंगळ असेल."

प्रश्न साधा वाटतो. पण हॉटेल बुक करायचं कुठलंही ॲप उघडून बघा. स्टार किती, स्विमिंग पूल आहे का, वायफाय आहे का, सगळ्याला फिल्टर असतो. खालच्या गल्लीत काय मिळतं, याला फिल्टर नसतो. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे कारण समजतं. जे आकड्यात मावत नाही ते फिल्टरमध्ये येत नाही. पण मुंबईचा इतिहास बघितला तर लोकांनी मुक्काम निवडला तो आधी ताट बघून. मुक्काम कुठे आणि जेवण कुणाच्या हातचं, हे इथे एकाच प्रश्नाचे दोन भाग होते.

एका शब्दाचे दोन अर्थ

आपल्या भाषेत याचा पुरावा आहे. "आज हॉटेलात जाऊ" असं आई म्हणते तेव्हा ती रूम बुक करत नाही, तिला डोसा खायचा असतो. मराठीत हॉटेल म्हणजे आधी खाण्याची जागा, राहण्याची नंतर. राहायच्या जागेला आपण लॉज म्हणतो.

आणि जुन्या पाट्यांवर असायचं "लॉजिंग-बोर्डिंग". तुमच्यापैकी अनेकांना बोर्डिंग म्हटल्यावर विमानतळाचा बोर्डिंग पास आठवेल, नाहीतर बोर्डिंग स्कूल. पण इथे लॉजिंग म्हणजे राहणं आणि बोर्डिंग म्हणजे ठरलेलं, रोजचं जेवण. दोन्ही एका छपराखाली मिळालं तर उत्तम, नाहीतर झोपायला एकीकडे आणि जेवायला दुसरीकडे. आज ॲपवर "ब्रेकफास्ट इन्क्लुडेड" लिहिलेलं असतं ना, ते त्या बोर्डिंगचं उरलेलं शेपूट आहे.

माटुंग्याला जा. नाहूरहून स्लो लोकल पकडली की सरळ माटुंगा. स्टेशनजवळच्या मार्केटच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ए. रामा नायक यांनी 1942 साली सुरू केलेलं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. राहायची खोली मागितलीत तर मिळणार नाही. बोर्डिंग म्हणजे जेवण, आणि ते केळीच्या पानावर येतं. दक्षिणेकडून नोकरीला आलेले, घरदार गावी ठेवून एकटे राहणारे लोक माटुंग्यात खूप होते. त्यांना झोपायला खोली मिळत होती, हवा होता तो घरच्यासारखा भात आणि सांबार. त्याच परिसरात 1939 साली राम आश्रय आलं, 1940 साली कॅफे मद्रास आलं. ही रांग आपोआप लागलेली नाही. जिथे एकटी माणसं राहायला आली तिथे स्वयंपाकघरं उभी राहिली.

साहेबांची हॉटेलं

आता जरा दक्षिणेकडे, काळा घोड्याला. तिथे एस्प्लनेड मॅन्शन नावाची जुनी, थकलेली इमारत आहे. ते एकेकाळचं वॉटसन्स हॉटेल. 1860 च्या दशकात त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून सुटे भाग बोटीने इथे आणले आणि जोडले. 7 जुलै 1896 ला ल्युमिए बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते इथेच. त्याच वर्षी मार्क ट्वेनही इथे उतरला होता आणि खिडकीशी येणाऱ्या कावळ्यांवर त्याने मजेशीर लिहून ठेवलंय. पण हे हॉटेल युरोपियन लोकांसाठी होतं.

इथे एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. जमशेटजी टाटांना वॉटसन्समध्ये प्रवेश नाकारला, म्हणून त्यांनी रागाने ताज बांधलं. गोष्ट व्हॉट्सॲपवर झकास चालते, पण तिला पक्का पुरावा नाही. पक्कं एवढंच की ताज 16 डिसेंबर 1903 ला उघडलं. गेटवे ऑफ इंडिया बांधून झालं 1924 मध्ये. म्हणजे पुढची वीस वर्षं ताजसमोर गेटवे नव्हतंच!

खाण्याच्या बाबतीत ताजचा परिसर म्हणजे "आत आणि बाहेर" याचं उत्तम उदाहरण. आत 1973 मध्ये गोल्डन ड्रॅगन सुरू झालं आणि सेझवान चव मोठ्या हॉटेलात आली. तोच शब्द पुढे गाडीवरच्या सेझवान डोशापर्यंत पोचला, पण तो वेगळा एपिसोड आहे. बाहेर, ताजच्या मागच्या गल्लीत 1946 पासून बडेमियाँचे कबाब. थोडं चाललं की लिओपोल्ड कॅफे, 1871 चं, म्हणजे ताजपेक्षा बत्तीस वर्षांनी मोठं. महागड्या खोलीत राहणारा पाहुणा आणि खिशात थोडेच पैसे असलेला कॉलेजचा पोरगा एकाच गल्लीत, एकाच धुरात उभे राहून खातात.

ज्यांना खोली म्हणजे फक्त पथारी होती

पण मुंबईत येणाऱ्या बहुतेकांनी ताज बघितलं ते बाहेरूनच. ते आले गिरणीत कामाला, कोकणातून आणि घाटावरून. एका गाळ्यात खूप जण मिळून राहायचे. एकजण पाळीवर गेला की त्याच्या जागेवर दुसरा झोपायचा. लॉजिंग एवढंच. बोर्डिंग कुठे? तर खानावळीत.

या खानावळी बायका चालवायच्या, आपल्याच घरात, आपल्याच चुलीवर. महिन्याचे पैसे, दोन वेळचं जेवण. कोकणातल्या बाईकडे माशाचं कालवण आणि भात, घाटावरच्या बाईकडे भाकरी आणि झणझणीत रस्सा. मुंबईत आलेला माणूस आपल्या गावची चव शोधत त्या दाराशी पोचायचा. याच बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. खानावळवालीला बँकेचं कर्ज मिळू शकतं, ही तेव्हा नवी गोष्ट होती. मग 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांची मजुरी थांबली. ज्याचा पगार थांबला तो खानावळीचे पैसे कुठून देणार? संपाचा इतिहास सांगताना आपण गिरणीच्या गेटापाशी थांबतो. त्याची झळ त्या चुलींपर्यंतही पोचली होती.

अशीच दुसरी पद्धत गोव्याच्या लोकांची. धोबीतलाव भागात त्यांचे कूड होते, काही आजही आहेत. कूड म्हणजे एकेका गावाने आपल्या माणसांसाठी चालवलेली राहायची जागा, क्लब म्हणा. बोटीवर कामाला जाणारे खलाशी बोट मिळेपर्यंत तिथे राहायचे. भाडं कमी, एक पेटी ठेवायला जागा, संध्याकाळी सगळ्यांची मिळून प्रार्थना. आणि खाली उतरलं की धोबीतलावचे इराणी. 1904 चं कयानी, 1913 चं ससानियन. ब्रून मस्का आणि चहा. कूड आणि इराणी ही जोडी म्हणजे गरिबाचं "आत आणि बाहेर".

रूम रिकामी आहे, पण तुमच्यासाठी नाही

इथपर्यंत सगळं गोड वाटलं असेल. पण कुणाच्या हातचं खायचं या प्रश्नामागे एक कडू प्रश्न होता. कुणाला आत घ्यायचं?

1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींना चहा-बिस्किटं दिली गेली. त्यात टिळक होते, रानडे होते. बातमी फुटली आणि गदारोळ झाला. ख्रिश्चन मिशनऱ्यांच्या घरचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्ताची भानगड मागे लागली. एक कप चहासाठी! आता हे लक्षात ठेवून क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहाकडे बघा. मुंबईत आले की टिळकांचा मुक्काम तिथे असायचा, आणि 1 ऑगस्ट 1920 ला त्यांचं निधन झालं तेही तिथेच. त्या काळात मराठी पाहुण्याला ओळखीचं लॉजिंग-बोर्डिंग का लागायचं, हे पंचहौदच्या चहावरून समजतं. प्रश्न फक्त चवीचा नव्हता.

टिळकांना निदान मुक्कामाला जागा होती. आता 1917 चं बडोदा. डॉ. आंबेडकर परदेशात शिकून बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू व्हायला निघाले. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, की पहिला प्रश्न होता, राहायचं कुठे? हिंदू हॉटेलात जात लपवल्याशिवाय जागा मिळणार नव्हती. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, पारशी म्हणून नाव नोंदवून ते राहिले. दर ठरला दिवसाला दीड रुपया, राहणं आणि जेवण धरून. म्हणजे लॉजिंग-बोर्डिंग! तिथला माणूस सकाळी चहा, मग नाश्ता आणि रात्री जेवण वर आणून द्यायचा. बाकी मजला रिकामा. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन पारशी लोकांचा जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितली. दोन मित्रांकडे आसरा मागितला, तिथेही जमलं नाही. बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. एवढा शिकलेला माणूस, हातात नोकरी, खिशात भाड्याचे पैसे. तरी खोली नाही.

म्हणून संविधानाचं कलम 15 वाचताना मला नेहमी थांबावंसं वाटतं. त्याच्या दुसऱ्या भागात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून तिथे कुणालाही अडवता येणार नाही. पुढे लगेच विहिरी आणि तलाव येतात. 1927 चं महाडचं चवदार तळं आठवा. तळं आणि हॉटेल एकाच कलमात आहेत, कारण अपमान दोन्हीकडे सारखाच होता. 26 जानेवारी 1950 पासून हे लागू आहे. "मुंबईत कुठलं हॉटेल निवडू?" हा प्रश्न आज आपण मजेत विचारतो. तो प्रत्येकाला विचारता यावा, यासाठी कुणीतरी फार मोठी किंमत दिली आहे. भाड्याचं घर शोधताना "नॉनव्हेज खाता का?" हा प्रश्न मात्र मुंबईत अजून कानावर येतो, हेही विसरू नका.

मग बुक काय करायचं?

नागपूरच्या मित्रा, आता तुझं उत्तर. हॉटेलचं नाव नंतर शोध, आधी गल्ली ठरव. मी तीन गोष्टी बघेन.

पहिली, आतल्या स्वयंपाकघरात बाहेरचे लोक जेवायला येतात का? खोली न घेता, फक्त जेवायला आजूबाजूची माणसं येत असतील तर ते स्वयंपाकघर जिवंत आहे. फक्त राहणारे पाहुणेच खात असतील तर बुफे नाइलाजाचा असतो.

दुसरी, सकाळी सात आणि रात्री अकरा. या दोन वेळांना दहा मिनिटं चालून काय मिळतं ते नकाशावर बघ. दुपारी सगळीकडेच खायला मिळतं. आई-बाबांना सकाळी लवकर चहा लागतो आणि नाटक सुटायला रात्री उशीर होतो, तेव्हा गल्लीची परीक्षा होते. जागा कधी उघडी असते तेही बघ. बॅलार्ड इस्टेटचं 1923 चं ब्रिटानिया बेरी पुलावासाठी प्रसिद्ध आहे, पण ते दुपारच्या जेवणाचं ठिकाण. तिथे रात्री गेलास तर कुलूप दिसेल.

तिसरी, स्टेशन. मुंबईत "जवळ" म्हणजे किलोमीटर नाही, किती स्टेशनं ते मोजायचं. मुलुंड-नाहूर भागात स्वस्तात राहायचं म्हटलंस तर ठाणं दोन स्टेशनांवर, तिथे तहसील कचेरीजवळची मामलेदार मिसळ. उलट दिशेला घाटकोपर पूर्वेची खाऊ गल्ली, आणि त्याच स्लो लोकलने पुढे माटुंगा.

पण तुझ्यासाठी मी दादर म्हणेन. नागपूरकडच्या बऱ्याच गाड्या तिथे थांबतात, मध्य आणि पश्चिम दोन्ही लाइन हाताशी. पश्चिमेला उतरलं की 1910 साली सुरू झालेलं मामा काणे, शिवसेना भवनासमोर आस्वाद, मासे खायचे तर गोमांतक आणि सिंधुदुर्ग. माटुंगा पुढचंच स्टेशन. खोली साधी, स्वच्छ घे, वाचलेले पैसे ताटावर खर्च कर. आणि एक दुपार काळा घोड्याला जाऊन एस्प्लनेड मॅन्शन बाहेरून बघ, तिथून ताजपर्यंत चालत जा.

तुमच्या आजोबांनी मुंबईत पहिली रात्र कुठे काढली आणि पहिलं जेवण कुणाकडे घेतलं, हे त्यांना किंवा घरच्यांना विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. गाळा, कूड, लॉज, मामाचं घर, काहीही चालेल. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवतो. तोपर्यंत पोटभर जेवा. भेटूया!