‘तमाशा’ शब्दाचें मूळ व अर्थ

रात्रीं गणानें आरंभ होऊन गौळण, बतावणी व शेवटीं वग अशा क्रमानें रंगणाऱ्या खेळास आपण तमाशा म्हणतों. त्यामुळें जुन्या कागदांत हा शब्द दिसतांच तेथें लावणीचा फड उभा होता असें समजण्याचा मोह होतो. तो कितपत योग्य, हें शब्दाच्या मुळावरून ठरवावें लागेल.

‘म-श-य’ हा अरबी धातु, अर्थ चालणें. त्यापासून झालेल्या ‘तमाशी’ या रूपाचा अर्थ एकमेकांसह चालणें. फारशींत त्याचें ‘तमाशा’ झालें, आणि मौजेखातर हिंडणें व हिंडतां हिंडतां पाहणें हा अर्थ आला. फारशींतील ‘तमाशा कर्दन’ म्हणजे पाहणें; खेळ करणें नव्हे. तात्पर्य, शब्द प्रथम प्रेक्षकाच्या क्रियेचा होता. पुढें तो प्रेक्षणीय गोष्टीस लागला. आणि महाराष्ट्रांत अखेर ढोलकीच्या फडास चिकटला. मधली पायरी मराठींतून अद्याप पुसली गेलेली नाहीं. रस्त्यांतील भांडणाचाही ‘तमाशा’ होतो. तेथें नाच्या नसतो, कीं सोंगाड्या नसतो.

शेजारचे शब्द याउलट बैठे आहेत. ‘जलसा’ व ‘मजलस’ हे दोन्ही ‘ज-ल-स’, म्हणजे बसणें, या धातूचे. आपली ‘बैठक’ अर्थानें त्यांचीच सखी. ‘मैफल’ हा शब्द मात्र जमणें या अर्थाच्या ‘ह-फ-ल’ धातूचा.

हा भेद पुढें इतिहासांत कामास आला. जोतीराव फुले यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला. त्याच्या प्रचारकांनीं पुढें तमाशाचाच घाट उचलला, परंतु नांव ‘जलसा’ असें ठेविलें. आंबेडकरी चळवळीनेंही विसाव्या शतकांत तेंच नांव चालविलें. घाट ठेवून नांव टाकावें लागलें, यावरून ‘तमाशा’ शब्द तोंवर शृंगारिक लावणीशीं किती जखडला होता हें दिसतें.

तेव्हां संग्राहकांस विनंती एवढीच कीं, कागदांत हा शब्द आढळल्यास आधीं त्याचें क्रियापद व शेजार पाहावा. ढोलकी, फड किंवा शाहीर यांचा उल्लेख असेल तरच नोंद लावणी-वाङ्मयांत करावी. नुसता ‘तमाशा पाहिला’ असा मजकूर असेल, तर तें दारूकामही असूं शकेल, हत्तींची झुंजही असूं शकेल. एका शब्दाच्या आजच्या अर्थावर कालचा इतिहास उभारूं नये.