उभे राहावे की गुडघे टेकावे? उपासनेतील देहस्थितीचा इतिहास

शरीराच्या ठेवणीस मराठीत एकच शब्द पुरत नाही. आखाड्यातील मल्ल पवित्रा घेतो, योगी आसन घालतो, नर्तक मुद्रा धारण करतो, आणि मागणे मान्य होईपर्यंत न हलणारा मनुष्य ठाण मांडून बसतो. पुढे 'पवित्रा' हा शब्द आखाड्यातून वृत्तपत्रांत आला व देहाऐवजी मनाची भूमिका दर्शवू लागला. देह व मन ह्यांचे हे नाते उपासनेत तर फारच निकटचे आहे. प्रार्थनेत उभे राहणारा वा गुडघे टेकणारा मनुष्य तोंड उघडण्यापूर्वीच काही बोललेला असतो. ते बोलणे कोणते, ह्याविषयी मंडळीत वेळोवेळी वाद झाले. त्यांतील काहींचा मागोवा येथे घेऊ.

पवित्र शास्त्र एकाच देहस्थितीचा आग्रह धरीत नाही. हन्ना उभी राहून प्रार्थना करते. दावीद परमेश्वरासमोर बसतो. मंदिराच्या समर्पणप्रसंगी शलमोन वेदीपुढे उभा राहून हात पसरतो, आणि प्रार्थना संपते तेव्हा तो गुडघ्यांवरून उठतो, असे पहिल्या राजांच्या आठव्या अध्यायातच आपण वाचतो. गेथशेमाने बागेत प्रभूने गुडघे टेकले, असे लूक सांगतो. स्तेफनाने मरतेवेळी तसेच केले, आणि इफिसच्या वडिलांचा निरोप घेताना पौलानेही.

आद्य मंडळीने ह्या विविधतेस एक अर्थपूर्ण शिस्त लावली. सुमारे इ. स. २११ मध्ये कार्थेजचा टर्टुलियन लिहितो की, प्रभूच्या दिवशी गुडघे टेकून उपासना करणे आपल्यात अयोग्य मानले जाते. इ. स. ३२५ च्या नायसिया परिषदेने आपल्या विसाव्या, म्हणजे अखेरच्या, नियमाने हीच रीत सर्वत्र लागू केली : रविवारी व पुनरुत्थानापासून पेंटेकॉस्टपर्यंतच्या दिवसांत प्रार्थना उभ्यानेच व्हावी. आज गुडघे टेकणे हेच भक्तीचे लक्षण समजणाऱ्यास ह्याचे नवल वाटेल. परंतु त्याच शतकात बासिलने त्याचा अर्थ उलगडला आहे. आपण ख्रिस्ताबरोबर उठविले गेलो आहो, म्हणून पुनरुत्थानाच्या दिवशी उभे राहावयाचे. इतर वेळी गुडघे टेकून पुन्हा उठताना, पापाने आपण पडलो व देवाच्या प्रीतीने उठविले गेलो, ह्याची साक्ष द्यावयाची. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत ही परंपरा आजही जिवंत आहे.

पश्चिमेत मध्ययुगात पश्चात्ताप व आराधना ह्या भावनांवर भर वाढत गेला आणि गुडघे टेकण्याची रीत रूढ झाली. धर्मसुधारणेच्या काळी तिच्यावरच प्रश्नचिन्ह उमटले. इंग्लंडच्या मंडळीचे १५५२ चे प्रार्थनापुस्तक छापले जात होते. प्रभुभोजन गुडघे टेकून घेण्यास जॉन नॉक्सने आक्षेप घेतला. प्रभू व त्याचे शिष्य भोजनास तसे बसले नव्हते, असे ह्या पक्षाचे म्हणणे. तेव्हा ऐनवेळी पुस्तकात एक खुलासा घालण्यात आला : गुडघे टेकणे हे नम्र कृतज्ञतेचे चिन्ह होय, भाकर व द्राक्षारस ह्यांची आराधना नव्हे. पुढे 'काळी सूचना' म्हणून ओळखला गेलेला हा खुलासा १५५९ मध्ये वगळला गेला, आणि १६६२ मध्ये काही शब्द बदलून परत आला. रीत तीच राहिली. वाद होता तो तिच्या अर्थाचा.

भारतात हाच प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा राहिला. येथील मनुष्य आदर दाखविण्यासाठी पादत्राणे काढतो, हात जोडतो, भुईवर मांडी घालून बसतो. पश्चिमेतून आलेले बाक व रीती हीच ख्रिस्ती भक्तीची भाषा काय? भारतातील कॅथलिक धर्माध्यक्षांनी मागितलेल्या बारा बदलांस रोमने २५ एप्रिल १९६९ रोजी मान्यता दिली. त्यांत स्थानिक प्रथेनुसार भुईवर बसणे, एक गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल नमन करणे आणि पंचांग प्रणाम ह्यांचा समावेश होता. काहींस ह्यात आपले घर सापडले, तर काहींस परक्या धर्माची छाया दिसली. दोघांचीही तळमळ खरी होती, हे आपण विसरू नये.

ह्या इतिहासातून आपण, मंडळीचे सेवक व धर्मशिक्षक, काय घ्यावे? देहस्थिती क्षुल्लक नाही, अन्यथा एका विश्वपरिषदेने तिची दखल घेतली नसती. पण तिचा अर्थ आपोआप कळत नाही. तो शिकवावा लागतो. लोकांस उभे राहावयास सांगताना का उभे राहावयाचे, हे आपण सांगतो काय? आणि ज्या वृद्ध बहिणीचे गुडघे आता वाकत नाहीत, ती बाकावर बसून राहिली म्हणून तिची भक्ती उणी मानणारी नजर आपल्या मंडळीत नाही ना?

प्रभूच्या दाखल्यातील परूशी व जकातदार दोघेही उभेच होते. देहस्थिती एकच, पण एकाचे उभे राहणे हा पवित्रा होता, तर दुसऱ्याची ती प्रार्थना होती. नीतिमान ठरून घरी गेला तो दुसरा.