लेकराचं नाव घेणारं माणूस

आजचा विषय जड आहे. पण तो टाळून चालत नाही, कारण आपल्या गटातल्या कुणाच्या ना कुणाच्या घरावरून हे दुःख गेलेलं असतं. घरातलं लेकरू गेलं, तर त्या आईबापाच्या पाठीशी कसं उभं राहायचं? इंग्लंडमध्ये या प्रश्नाचं एक उत्तर मुलं गमावलेल्या आईबापांनीच शोधलं. त्याची गोष्ट आज सांगते.

आधी तिथे काय रीत होती ते ऐका. मूल आजारी पडून दवाखान्यात ठेवलं, की आईबापाला ठरलेल्या वेळीच आत सोडत. आई जवळ असली की मूल रडतं, म्हणून तिने लांबच राहावं, असं मानत. १९५९ मध्ये एका सरकारी समितीने सांगितलं, की आईबापाला मुलाजवळ येऊ द्या. पण ते सगळीकडे रुजायला बरीच वर्षं लागली. बाळ मेलेलंच जन्मलं, तर ते गुंडाळून लगेच बाहेर नेत. कित्येक आयांना त्याचं तोंडही बघायला मिळालं नाही. दवाखानाच त्याला कुठेतरी पुरून टाकी. पुढे म्हातारपणी अशा आया आपल्या बाळाची जागा शोधत कचेऱ्यांमध्ये फिरल्या. यात कुणाचा हेतू वाईट नव्हता. बघितलं नाही, बोललं नाही, की ती विसरेल, असा समज होता. पण आई विसरत नाही.

आता १९६८ सालात या. कॉव्हेन्ट्री हे मोटारींच्या कारखान्यांचं शहर. मे महिन्यात तिथल्या दवाखान्यात दोन मुलगे मरणाशी झुंजत होते. केनेथ लॉली याला शाळेच्या वाटेवर अपघात झाला होता. बिली हेंडरसन याला कॅन्सर होता. दोघांचे आईबाप एकमेकांना ओळखत नव्हते. दवाखान्यात सायमन स्टीफन्स नावाचा एक तरुण पाद्री होता. तो दोन्ही कुटुंबांना धीर द्यायचा.

आधी केनेथ गेला. मग थोड्याच दिवसांत बिलीही गेला. बिलीच्या अंत्यविधीला लॉली कुटुंबाने फुलं पाठवली आणि त्यावर आपल्या मुलाचं, केनेथचं, नाव लिहिलं. हेंडरसन कुटुंबाने आभार मानले, मग दोन्ही घरची माणसं चहाला एकत्र बसली. बोलली, रडली, आपापल्या मुलाच्या खोड्या सांगितल्या. थांबा, पुरे, असं कुणी कुणाला म्हटलं नाही. स्टीफन्सच्या लक्षात आलं, की हे चौघं एकमेकांना जो आधार देताहेत, तो आपल्याला देता येत नाही.

२८ जानेवारी १९६९ रोजी ही मंडळी आणि आणखी एक आई अशी मोजकी माणसं एकत्र बसली आणि त्यांनी एक गट सुरू केला. नाव ठेवलं ‘कम्पॅशनेट फ्रेंड्स’, म्हणजे कळवळ्याचे सोबती. वर्गणी नाही, धर्माची अट नाही, आणि बोललंच पाहिजे अशी सक्तीही नाही. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात असाच गट निघाला, आणि पुढे अनेक देशांत निघाले. आता दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी ७ वाजता ठिकठिकाणचे आईबाप गेलेल्या मुलासाठी एक दिवा लावतात.

मेलेल्या जन्मलेल्या बाळांचं दुःख मात्र अजून कुणी मोजत नव्हतं. बेल मूनी नावाच्या पत्रकार बाईंचं बाळ १९७५ मध्ये असं गेलं. त्यांनी वर्तमानपत्रात त्याविषयी उघड लिहिलं, तेव्हा इतक्या वर्षांत गप्प राहिलेल्या बायका बोलू लागल्या. १९७८ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी संघटना उभी राहिली. हळूहळू दवाखान्यांची रीत बदलली. आता तिथे आईबापाला विचारतात, बाळाला जवळ घ्यायचंय का? त्याचं नाव काय ठेवलंय?

मैत्रिणींनो, आता आपल्या गावाकडे बघू. आपल्याकडे एक मोठी चांगली रीत आहे. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारहून पिठलं-भाकरी जाते. दुखवट्याला माणसं येऊन बसतात. कॉव्हेन्ट्रीच्या त्या चहात होतं, तेच हे. पण आपली ही रीत मोठ्या माणसासाठी जितकी पाळली जाते, तितकी तान्ह्या बाळासाठी पाळली जात नाही. बाळाला पुरून माणसं परत येतात आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. आईला सांगतात, ‘तू अजून तरणी आहेस, दुसरं होईल.’ कुठे कुठे तर तिलाच बोल लावतात. पुढे डोहाळजेवणाला, बारशाला तिला बोलावत नाहीत. म्हणजे लेकरू गेलं ते गेलंच, वर बायकांची बैठकही गेली.

इथे आपला गट उपयोगी पडतो. काय करता येईल?

पहिलं, जा आणि बसा. शब्द सापडले नाहीत तर गप्प बसा. ‘देवाला आवडला’, ‘नशिबात नव्हतं’ असं म्हणू नका.

दुसरं, लेकराचं नाव घ्या. नाव काढलं की ती रडेल, ही भीती सोडा. ती एरवीही रडतेच, फक्त एकटी रडते.

तिसरं, तान्हं बाळ गेलं तरी आई बाळंतीणच असते. तिला पान्हा फुटतो, अंग दुखतं, रक्त जातं. तिला ऊन-ऊन जेवण आणि विसावा हवाच. छाती दाटून आली, ताप आला, तर आशाताईला किंवा नर्सबाईंना लगेच बोलवा.

चौथं, तेराव्यानंतर जा. महिन्याने जा, वाढदिवसाला जा, वर्षाने जा. बापाशीही कुणीतरी बोला, तो शेतात एकटाच गिळत असतो. घरातल्या भावंडांनाही जवळ घ्या. ‘माझ्यामुळे झालं का’ असं लहान मुलांच्या मनात येतं.

पाचवं, गटात ज्या बाईने हे सोसलंय, तिला विचारा, तू येशील का तिच्याकडे? ती तयार असेल तरच न्या. तिच्यासारखा आधार आपल्याला देता येणार नाही.

आणि कुणी अन्नच सोडलं, जगण्यात राम नाही असं बोलू लागली, तर तिला एकटं ठेवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. सरकारची टेली-मानस सेवा आहे, नंबर १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत.

शेवटी एक काम सांगते. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की पाच मिनिटं थांबा. आपल्या गटात कुणाचं लेकरू गेलंय, ते आठवा. तिची तयारी असेल तर त्याचं नाव तिच्या तोंडून ऐका. आणि पुढचं डोहाळजेवण निघेल, तेव्हा पहिलं बोलावणं तिच्या घरी धाडा. यायचं की नाही, ते तिचं तिला ठरवू द्या. पण बोलावणं गेलंच पाहिजे.