सॉनिक : खेळाच्या पडद्यावरून जनुकाच्या नावापर्यंत

म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरातील प्राणिशास्त्र विभागात ड्रोसोफिला साठा केंद्र आहे. रवा, गूळ आणि आगर यांच्या शिजवलेल्या खाद्यावर तेथे फळमाश्यांचे नाना वाण पिढ्यान्‌पिढ्या जोपासले जातात. खाद्याला बुरशी लागू नये म्हणून त्यात थोडे प्रोपिओनिक आम्ल मिसळलेले असते. एम. आर. राजशेखरशेट्टी यांनी म्हैसूरमध्ये रुजवलेल्या या अभ्यासपरंपरेतून भारतातील फळमाशी-आनुवंशिकीच्या अनेक पिढ्या घडल्या. या शास्त्राच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट आरंभीच शिकावी लागते. फळमाशीतील जनुकाचे नाव बहुधा त्याच्या कार्यावरून पडत नाही. ते बिघडल्यावर माशीत जे वैगुण्य दिसते, त्यावरून पडते. 1910 साली टी. एच. मॉर्गन यांना पांढऱ्या डोळ्यांची माशी आढळली आणि डोळ्यांच्या लाल रंगासाठी आवश्यक असलेल्या जनुकाला ‘व्हाइट’ हे नाव मिळाले.

याच रीतीतून ‘हेजहॉग’ हे नाव जन्मले. ख्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी जर्मनीतील हायडेलबर्ग येथे हजारो उत्परिवर्तित अळ्यांची तपासणी केली आणि 1980 साली ‘नेचर’ नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. निरोगी अळीच्या अंगावर बारीक दातेरी काट्यांचे पट्टे असतात आणि मधली जागा गुळगुळीत असते. एका विशिष्ट जनुकात बिघाड झाला की ही गुळगुळीत जागा नाहीशी होते आणि अळी आखूड व सर्वांगी काटेरी दिसते. म्हणून त्या जनुकाला काटेरी, कीटकभक्षी हेजहॉगचे नाव दिले गेले. या संशोधनासाठी दोघांना एडवर्ड लुईस यांच्यासमवेत 1995 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दरम्यान, एका वेगळ्याच क्षेत्रात दुसरा हेजहॉग अवतरला होता. जपानच्या सेगा कंपनीने 1991 साली मेगा ड्राइव्ह या यंत्रासाठी ‘सॉनिक द हेजहॉग’ हा खेळ बाजारात आणला. निन्टेन्डोच्या मारिओला टक्कर देईल असा नायक कंपनीला हवा होता. नाओतो ओशिमा यांनी निळ्या हेजहॉगचे रूप रेखाटले, युजी नाका यांनी आज्ञावली लिहिली आणि हिरोकाझु यासुहारा यांनी टप्प्यांची रचना केली. नायक धावू लागला की दृश्य आडवे सरकत जाते. जवळची झाडे आणि दूरचे डोंगर वेगवेगळ्या गतीने मागे पडतात, त्यामुळे सपाट पडद्यावरही खोलीचा आभास होतो. 8×8 ठिपक्यांच्या छोट्या चौकटी जोडून हे सारे चित्र उभे केलेले असे. उतारावर वाढणारा वेग आणि गोल वळशातून उलटे होऊन धावणारा नायक यांमुळे हा खेळ लवकरच जगभर पोहोचला.

पृष्ठवंशी प्राण्यांमध्ये हेजहॉग जनुकाची भावंडे सापडली तेव्हा या दोन कथा एकत्र आल्या. त्यांपैकी दोघांना खऱ्या प्राणिजातींवरून ‘डेझर्ट हेजहॉग’ आणि ‘इंडियन हेजहॉग’ ही नावे मिळाली. तिसऱ्यासाठी हार्वर्डमधील क्लिफर्ड टॅबिन यांच्या प्रयोगशाळेतील रॉबर्ट रिडल यांनी ‘सॉनिक हेजहॉग’ हे नाव सुचवले. 1993 साली ते ‘सेल’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हे जनुक व्यक्त करणाऱ्या पेशी कोंबडीच्या गर्भातील पंखाच्या अंकुरावर पुढच्या बाजूस बसवल्या, तेव्हा बोटांचा आरशातील प्रतिबिंबासारखा दुसरा संच उगवला. हाता-पायांच्या बोटांचा क्रम ठरवण्यात आणि मज्जासंस्थेच्या घडणीत या जनुकाचा निर्णायक वाटा आहे, हे त्यातून व त्यानंतरच्या प्रयोगांतून स्पष्ट होत गेले.

नावातील विनोद तोवर प्रयोगशाळेपुरता होता. 1996 साली मात्र मानवातील होलोप्रोसेनसेफली या जन्मजात विकाराशी या जनुकाचा संबंध सिद्ध झाला. या विकारात गर्भाचा अग्रमेंदू दोन अर्धगोलांत नीट विभागला जात नाही. त्याच्या तीव्र स्वरूपात अनेक बालके जन्मानंतर फार काळ जगत नाहीत. अशा बाळाच्या आईवडिलांना डॉक्टरने काय सांगावे? तुमच्या बाळाच्या ‘सॉनिक हेजहॉग’मध्ये दोष आहे? खेळ ठाऊक असलेल्या पालकांना ती थट्टा वाटेल. ठाऊक नसलेल्यांना त्या शब्दांतून काहीच उमगणार नाही. ‘इंडियन हेजहॉग’मधील दोषामुळे बोटे आखूड राहू शकतात. तो शब्द अहवालात वाचणाऱ्या भारतीय कुटुंबाला हा विकार आपल्याच देशाचा आहे, असेही वाटू शकते.

2006 साली ‘नेचर’मधील एका पत्राने हा प्रश्न नेमकेपणाने मांडला आणि मानवी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनेही त्याची दखल घेतली. समितीच्या 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नाव अपमानकारक किंवा हिणवणारे नसावे, अशी अपेक्षा आहे. तरीही सॉनिक हे नाव पुसले गेले नाही. हजारो शोधनिबंधांत ते रुजलेले असल्याने ते बदलणे म्हणजे जुन्या ज्ञानाशी असलेला दुवा तोडणे ठरले असते. व्यवहारात डॉक्टरांना ‘एसएचएच’ या संक्षेपाचा आधार घेता येतो.

म्हैसूरच्या संशोधकांनी नावे देताना अगदी वेगळी रीत पत्करली. एच. ए. रंगनाथ आणि एन. बी. रामचंद्र यांनी ड्रोसोफिला नासुटाच्या दोन उपजातींच्या संकरातून नवे वंश घडवले. त्या उपजातींपैकी एकीत 8 आणि दुसरीत 6 गुणसूत्रे असतात. या नव्या वंशांना ‘सायटोरेस 1’, ‘सायटोरेस 2’ अशी साधी क्रमांकवार नावे मिळाली. क्रमांक कोणाला दुखवत नाही, पण तो सहज लक्षातही राहत नाही. सॉनिक हे नाव एकदा ऐकले की विसरत नाही, पण ते कोणाच्या कानी पडेल याचा विचार नाव देताना झाला नव्हता. आज बाटलीतल्या माशीत सापडलेले जनुक उद्या माणसातही सापडू शकते, आणि मग त्याचे नाव कोणा आईवडिलांसमोर उच्चारावे लागते.