गाविलगड, भारनियमन आणि तीन मॅप एडिटर

शनिवार सकाळ. चहा झालाय, हापिसचा लॅपटॉप बंद आहे, तेव्हा आज जरा जुनं उकरून काढतो.

फर्स्ट पर्सन शूटर गेम म्हटलं की लोक बंदुका आणि ग्राफिक्सवर बोलतात. मला बोलायचंय मॅप एडिटरवर, म्हणजे ज्यात बसून गेममधल्या भिंती, जिने, दारं बांधतात त्यावर. कारण माझं जुनं मत आहे की गेमचा सोर्स कोड खुला झाला म्हणून तो आपला होत नाही. त्याचा एडिटर आपल्या परिस्थितीत चालला, तर होतो. आमची परिस्थिती म्हणजे २००६ सालची अमरावती, हॉस्टेलची खोली, दोन जोडलेले पीसी आणि रोजचं भारनियमन :-)

आधी थोडा इतिहास. 'डूम' १९९३ चा. इड सॉफ्टवेअरने त्याचा कोड १९९७ मध्ये खुला केला आणि १९९९ मध्ये तो जीपीएलखाली आला. त्याच वर्षी 'क्वेक', २००१ मध्ये 'क्वेक २', २००५ मध्ये 'क्वेक ३'. ह्यात एक मेख होती. खुला झाला तो फक्त कोड. चित्रं, आवाज, मॅप कंपनीचेच राहिले. थोडक्यात, बंडी मिळाली पण बैल आपले आपण आणा. म्हणून 'फ्रीडूम' आणि 'ओपनअरीना'वाल्यांनी हे सगळं नव्याने बनवलं. क्वेकच्याच इंजिनाची सुधारलेली आवृत्ती घेऊन २००५ मध्ये 'नेक्सुइझ' आला. ह्या घराण्याशी काही संबंध नसलेला एक गडी होता, वाउटर व्हान ऑर्टमर्सनचा 'क्यूब' आणि त्यापुढचा 'सॉवरब्राटन' (२००४).

आता आमचं खूळ. मी अकोल्याचा, रूममेट परतवाड्याकडचा. दोघांनाही गाविलगड बनवायचा होता. चिखलदऱ्याला गेलेल्यांनी तो पाहिलाच असेल. नागपूरकर भोसल्यांचा हा किल्ला. २९ नोव्हेंबर १८०३ ला आमच्या अकोल्याकडच्या अडगावला लढाई झाली, इंग्रजांच्या कागदांतलं 'अरगाव' ते हेच. ती जिंकून आर्थर वेलस्ली (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) गाविलगडावर आला. स्टीव्हन्सनच्या फौजेने उत्तरेकडून डोंगरातून रस्ता काढत तोफा ओढून नेल्या. १५ डिसेंबरला बाहेरच्या किल्ल्याची भिंत फुटली. पण आतला किल्ला दरीपलीकडे शाबूत होता. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी दरी ओलांडून शिड्यांनी आतल्या तटावर चढली आणि तिने आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. शूटर गेमसाठी ह्यापेक्षा तयार मॅप कुठे मिळणार?

पहिला प्रयत्न डूमचा, 'येडेक्स' नावाच्या एडिटरमध्ये (नावावर जाऊ नका). डूमचा मॅप म्हणजे वरून काढलेला नकाशा. रेषांनी खोली आखायची, तिला जमिनीची आणि छताची उंची द्यायची. सोपं आणि हलकं. पण एका जागेच्या डोक्यावर दुसरी जागा येऊच शकत नाही. म्हणजे खालून वाट आणि वर पहारा, असा दरवाजा अशक्य. आणि दरवाजाविना किल्ला कसला? एका संध्याकाळीत विषय संपला.

दुसरा 'जीटीके-रेडियंट'. ह्याचा कोडही २००६ मध्येच जीपीएलखाली आला होता. ह्यात खरं थ्रीडी. 'ब्रश' नावाचे घन ठोकळे रचायचे, कमानींसाठी वक्र पृष्ठंही मिळतात. दिल्ली दरवाजाची कमान इतकी झकास उतरली की आम्ही तिचा वॉलपेपर केला! गंमत पुढे सुरू होते. मॅप खेळायचा तर कंपाइल करावा लागतो, तीन टप्प्यांत. आधी जागेचे तुकडे पाडायचे, मग कुठल्या तुकड्यातून कुठला दिसतो ते काढायचं (ह्याला 'विस' म्हणतात), मग उजेड. शिवाय मॅप चहूबाजूंनी सीलबंद हवा. कुठे फट राहिली तर 'लीक'. मग एडिटर आतून बाहेर जाणारी एक लाल रेघ काढून दाखवतो.

ही पद्धत बंद खोल्या आणि बोळांसाठी उत्तम. जे दिसत नाही ते काढायचंच नाही, म्हणून जुन्या मशीनवरही गेम पळायचा. पण आमचा किल्ला उघड्या पठारावर. तिथे सगळ्यातून सगळंच दिसतं, त्यामुळे विस तासन्‌तास चालायचा.

"काय करून रायला बे?"

"विस चालू हाय. अर्धं झालं."

"झालं तं मले उठव."

आणि तेवढ्यात लाइन जायची. यूपीएस दहा मिनिटं कुंथायचा, मग सगळं पहिल्यापासून. असं किती वेळा झालं ते मोजणं आम्ही सोडून दिलं.

तिसरा सॉवरब्राटन. ह्यात वेगळा एडिटरच नाही. खेळता खेळता 'ई' दाबा, हवेत तरंगा, माउसच्या चाकाने ठोकळा आत ढकला नाहीतर बाहेर ओढा. सगळं जग म्हणजे एक मोठा घन, त्याचे आठ, त्या प्रत्येकाचे पुन्हा आठ. कंपाइलची वाट बघणं नाही. उजेड नीट हवा असेल तर तो तिथेच मोजून घ्यायचा, नाहीतर तसंच खेळायचं. लाइन गेली तर जाणार शेवटच्या सेव्हनंतरचं काम, बस. वर दोघे एकाच वेळी एकाच मॅपमध्ये बांधकाम करू शकायचे. तो तट चढवायचा, मी दरी खोदायचो. तोटाही सांगतो. ठोकळ्यांतून गोल बुरूज आणि कमान काढणं म्हणजे शिक्षाच. आमचा दिल्ली दरवाजा गोदामाच्या शटरसारखा दिसायचा.

दरी खोदताना मात्र किल्ला का पडला ते कळलं. बाहेरच्या फुटलेल्या तटापासून आतल्या तटापर्यंत चालून बघितलं, तेव्हा रूममेट म्हणाला, "हे तं लीक हाय." बांधणाऱ्यांनी दरीलाच भिंत मानलं होतं, आणि कॅम्पबेलने तीच लाल रेघ धरली. पुस्तकात वाचून हे डोक्यात शिरलं नव्हतं.

पुढे? नेक्सुइझचं नाव २०१० मध्ये एका कंपनीला दिलं गेलं. योगदान देणारे नाराज झाले, पण कोड जीपीएलखाली होता म्हणून तो घेऊन त्यांनी 'झोनोटिक' उभा केला. ह्यालाच म्हणतात खुलं असणं. रेडियंटचाही 'नेटरेडियंट' झाला. आज कुणी नव्याने शिकणार असेल तर क्वेकसाठी 'ट्रेंचब्रूम' बघा. तोही खुला आहे आणि वापरायला फार सोपा.

माझी हार्ड डिस्क २००८ मध्ये गेली, आणि रेडियंटमधली ती देखणी कमान तिच्यासोबत गेली. सॉवरब्राटनचा मॅप मात्र दोघांच्या मशीनवर होता, कारण बांधलाच दोघांनी. गेल्या दिवाळीत अकोल्याला असताना रूममेटने तो मेल केला. फोनवर बोलून आम्हाला चार वर्षं झाली होती. गेमच्या २०२० च्या आवृत्तीत मॅप एका झटक्यात उघडला. शटरछाप दरवाजा, माझी वेडीवाकडी दरी, आतल्या तटाला लावलेली अर्धवट शिडी, सगळं जागच्या जागी.

त्याला फोन केला. म्हणाला, "शिडी पुरी कर ना बे आता. लाइन तं हाय ना?"

आहे. म्हणूनच आजचा लेख इथेच थांबवतो.